निशाणी झालेली मराठी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण मराठीचे अध्यापक फार निष्ठेने पाळत आलो आहोत. कोर्ट आपल्याला भेटते ते बहुधा रंगमंचावर. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) तर तेही अभिरूप न्यायालयच आहे. परंतु कोर्टाच्या पायरीअलीकडे आणखी एक पायरी असते, कायद्याच्या ग्रंथालयाची, आणि ती चढू नये असे कोणत्याच म्हणीने सांगितलेले नाही. मराठीच्या प्राध्यापकांच्या एका अधिवेशनासाठी तीन दिवस कोल्हापुरात होते, तेव्हा सत्रांमधून वेळ काढून मी ती पायरी चढून पाहिली. बी.ए.ला माझ्याबरोबर असलेली आणि पुढे कोल्हापुरात वकिलीत स्थिरावलेली एक मैत्रीण सोबत होती. त्या फेरफटक्याचे वर्णन इथे थोडेच आहे. तिथे मराठी भाषा आणि मराठी साहित्य कोणत्या रूपात भेटले, हा या लेखाचा खरा विषय.

कोल्हापूरला या बाबतीत अलीकडे वेगळे महत्त्व आले आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे, ही मागणी चार दशकांहून अधिक काळ चालू होती. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. जिल्हा न्यायालय आधीच कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात गेले होते; त्यामुळे सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत बेंचसाठी मोकळी होती. कागल किंवा चंदगडच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागू नये, हा या मागणीमागचा साधा अर्थ होता. अंतराचा प्रश्न त्याने सुटतो. भाषेचा प्रश्न सुटतो का, हे पाहायचे तर ग्रंथालयातच जायला हवे. कारण न्यायालय काय वाचते, हे तिथल्या फळ्यांवर दिसते.

शहाजी लॉ कॉलेज हे शहरातले जुने विधी महाविद्यालय. १९३३ साली, मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या नावाने, ते साइक्स लॉ कॉलेज म्हणून सुरू झाले. कायद्याच्या कोणत्याही ग्रंथालयात शिरताच प्रथम नजरेत भरतात ते निकालपत्रांचे खंड: सारख्या उंचीचे, सारख्या बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरात सालाचा आकडा. मुंबई मालिकेचे 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' १८७६ पासूनचे. रतनलाल आणि धीरजलाल या जोडीचा 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९ पासूनचा. आणि 'ऑल इंडिया रिपोर्टर', म्हणजे वकिलांच्या तोंडचा 'एआयआर', जो प्रसिद्ध होतो नागपुरातून. महाराष्ट्राच्या भूमीत घडलेले आणि छापलेले हे सारे वाङ्मय इंग्रजीत आहे. मराठी पुस्तके असतात, पण ती परीक्षेची मार्गदर्शके, अधिनियमांची भाषांतरे आणि शब्दकोश यांच्या कपाटात. मैत्रीण म्हणाली, "ते कपाट उघडतं परीक्षेच्या महिन्यात. एरवी आमचं सगळं या भिंतीवर."

त्या भिंतीवर मी आपल्या ओळखीची नावे शोधू लागले आणि एक गोष्ट लगेच ध्यानात आली. लॉ रिपोर्टांत छापले जातात ते मुख्यतः उच्च न्यायालयांचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. खालच्या न्यायालयात जो खटला संपला, त्याला या फळीवर जागा नाही. मर्ढेकरांच्या 'काही कविता'वरचा (१९४७) अश्लीलतेचा खटला मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पण मर्ढेकर खालीच निर्दोष सुटले. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वरच्या १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. हा प्रसंगही आपल्याला चरित्रांतून आणि लेखांतून कळतो. वाङ्मयाच्या इतिहासात ज्या खटल्यांना मानाचे पान आहे, ते कायद्याच्या स्मरणात जवळजवळ नाहीत. उलट, जी कथा आपल्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, तिला तिथे पक्का पत्ता आहे: एआयआर १९७०, सुप्रीम कोर्ट, पृष्ठ १३९०.

ती कथा म्हणजे चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा', 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झालेली. काकोडकर हे वाचनालयांतून हातोहात जाणारे लेखक. त्यांच्या 'नीलांबरी'वर 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. समीक्षेने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले. कायद्याने मात्र पाहिले. भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखाली झालेली त्यांची शिक्षा उच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायमूर्ती पी. जगन्मोहन रेड्डी यांचा हा निकाल आजही अश्लीलतेच्या प्रकरणांत उद्धृत होतो. अश्लीलतेची कल्पना देशपरत्वे आणि समकालीन समाजाच्या नीतिकल्पनांप्रमाणे बदलते. कलाकृतीचा विचार समग्रपणे करायचा असतो. नुसता लैंगिकतेचा उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली, तर किशोरवयीनांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचता येणार नाही, असा त्यातला युक्तिवादाचा ओघ आहे. 'समग्रपणे' हा शब्द आपण नवसमीक्षेच्या तासाला वापरतो. तो इथे एका माणसाची शिक्षा रद्द करण्याच्या कामी आला आहे.

निकालपत्रात कथेचा सारांश येतो: निशिकांत नावाच्या कवीचा आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांचा. कवितेचा सारांश देणे म्हणजे कवितेला मुकणे, असे क्लिंथ ब्रुक्सने १९४७ मध्ये बजावले होते आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या वर्गात सांगत आलो. न्यायालयाला ही चैन परवडत नाही. सारांश दिल्याशिवाय त्याला निर्णयच देता येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्यामुळे मराठी कथा तिथे पोचणार ती इंग्रजीच्या वाटेनेच. म्हणजे जिच्या मराठी शब्दांवर आरोप आहे, त्या कथेचा फैसला परभाषेत होतो. त्या निकालपत्राच्या शब्दांशी कायद्याचे विद्यार्थी पन्नासहून अधिक वर्षे झटापट करत आहेत. निकाल उदार आहे आणि आपण त्याबद्दल कृतज्ञच असायला हवे. पण त्या उदारपणात आपल्या भाषेचा वाटा किती, हा प्रश्न त्या फळीसमोर उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता अशोक शहाणे यांनी १९८३ मध्ये पोस्टरच्या रूपात काढली. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात पुन्हा छापली गेली आणि त्यावरून खटला उभा राहिला. १४ मे २०१५ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. अंकाच्या प्रकाशकाने पुढच्या अंकात माफी मागितली होती, म्हणून त्याला मोकळे करण्यात आले. कवीला मात्र खालच्या न्यायालयात खटल्याला सामोरे जाण्यास सांगण्यात आले. इतिहासात आदराचे स्थान असलेल्या व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घातली, तर समकालीन समाजाच्या मापदंडाला अधिक वजन येते, असे या निकालाचे सार. आता, कवितेत बोलणारा 'मी' कोण, त्याला भेटणारा 'गांधी' म्हणजे मोहनदास करमचंद गांधी ही ऐतिहासिक व्यक्ती की त्या नावाचे आपण केलेले हाल, हा प्रथम वर्षाच्या वर्गातला प्रश्न आहे. त्या प्रश्नावर न्यायालयाने बरीच पाने खर्च केली. फली नरिमन यांच्यासारखे ज्येष्ठ विधिज्ञ न्यायालयाचे मित्र म्हणून साहाय्याला होते. युरोप-अमेरिकेतल्या खटल्यांचे दाखले सविस्तर आहेत. साठोत्तरी मराठी कवितेची, तिच्या उपहासाच्या रीतीची आणि लघुनियतकालिकांच्या चळवळीची ओळख असलेल्या वाचकाला मात्र तिथे फार एकटे वाटते. ही पार्श्वभूमी न्यायमूर्तींनी स्वतः शोधून काढावी, अशी अपेक्षा करता येणार नाही. ती पुरवणे हे मराठीच्या अभ्यासकांचे काम होते.

अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला न्यायसंकुलातल्या वकिलांच्या ग्रंथालयात नेले. तिथे पुस्तकांपेक्षा कागदांचा वावर अधिक, आणि कागदांची भाषा मात्र मराठी. दावा, कैफियत, वकीलपत्र, दरखास्त, हुकूमनामा, सरतपास, उलटतपास, पंचनामा, मुद्देमाल. टेबलावरची एक साधी फाईल म्हणजे शब्दसंपत्तीचे भांडारच होते. फार्सी-अरबी वळणाची ही भाषा बदलण्याचे प्रयत्न जुने आहेत. शिवकाळात रघुनाथपंतांनी सिद्ध केलेला 'राजव्यवहारकोश' आपण शिकवतो. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने त्याच जातीच्या कामात 'न्यायव्यवहार कोश' काढला. तरीही फिर्याद ही फिर्यादच राहिली, कारण ती देणाऱ्याच्या तोंडात तोच शब्द होता. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरवण्यात आली. तेव्हा निदान खालच्या मजल्यावर मराठीला हक्काची जागा आहे.

दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला कोर्टात एक क्रमांक पडतो. त्याला म्हणतात निशाणी. 'नि. १५', 'नि. २२' असे कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलेले असते. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटला. वरच्या न्यायालयात जाताना मराठी तशीच जाते, निशाणी म्हणून. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना राज्याची राजभाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात वापरू देण्याची मुभा आहे. निकालपत्रांना मात्र ती लागू नाही. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी हा मार्ग वापरला. कोल्हापूरचे बेंच हे मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग असल्यामुळे तिथे इंग्रजीच चालते आणि खालून येणाऱ्या मराठी कागदाला भाषांतराची जोड लागते.

"एक शब्द सांग, जो इंग्रजीत जाताना मार खातो," मी मैत्रिणीला विचारले. तिने विचार करायला क्षणही घेतला नाही. "जाच," ती म्हणाली. "बाई जबानीत म्हणते, 'मला जाच होता.' मारलं असं ती म्हणत नाही, उपाशी ठेवलं असंही म्हणत नाही. जाच म्हणते. आम्ही लिहितो 'इल-ट्रीटमेंट'. मग समोरचा वकील विचारतो, कधी, कुठं, कुणासमोर?" शेजारी बसलेले एक ज्येष्ठ वकील हसून म्हणाले, "मॅडम, जाचाला तारीख नसते आणि कोर्टाला तारीख लागते."

हे वाक्य विनोद म्हणून सोडून देण्यासारखे नाही. जाच म्हणजे एखादी घटना नव्हे; घरात रोज उठून सोसायची ती एक स्थिती आहे. जात्यावरच्या ओव्यांनी ती शतकानुशतके सांगितली आहे. भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या आणि ८६ व्या कलमांत जी क्रूर वागणूक अभिप्रेत आहे, तिच्यात शारीरिक इजेबरोबर मानसिक इजाही येते. म्हणजे कायद्यात जाचाला जागा आहे. ती जागा हुकते ती भाषांतरात. 'जाच' या शब्दातला काळ, त्याचे सातत्य, इंग्रजी शब्दात उतरले नाही, की तक्रार मोघम ठरते. आणि मोघम तक्रारीचे काय होते हे सांगायला वकील लागत नाही. ओवी शिकवणारा मराठीचा प्राध्यापक या ठिकाणी काही उपयोगाचे सांगू शकतो, असे मला तिथे बसल्या बसल्या वाटले.

विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात साहित्य आणि कायदा एकाच छपराखाली आहेत. एका बॅरिस्टरच्या नावाचे ग्रंथालय मराठीच्या संशोधकांचे वर्षानुवर्षांचे आश्रयस्थान असावे, हा योग मला आवडतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात कायदा ३४० वर आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर, म्हणजे मध्ये सारी विज्ञाने, तंत्रे आणि ललितकला. पण या अंतरावरून सहज ये-जा करणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत आणि कायदा शिकवत. १९३० ते १९६२ या काळात त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 'साहित्यदर्पणा'चे संपादन आणि संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास ही त्यांचीच कामे. आपण त्यांना काव्यशास्त्राचे काणे म्हणून ओळखतो, वकील धर्मशास्त्राचे म्हणून. एकाच बुद्धीने हे दोन्ही केले, कारण दोन्हीकडचे मूळ काम एकच आहे: वाक्याचा अर्थ लावणे.

हे साम्य वरवरचे नाही. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो, याची कारणे भर्तृहरीने सांगितली आणि काव्यशास्त्राने ती उचलली. त्यातले एक साहचर्य. 'रामलक्ष्मण' म्हटले की राम हा दशरथाचाच, परशुराम किंवा बलराम नव्हे. कायद्यात याच नियमाचे लॅटिन नाव 'नॉसिटर अ सोसिइस': शब्द ओळखावा तो त्याच्या सोबत्यांवरून. किशोरीलाल सरकार यांनी १९०५ च्या टागोर विधी व्याख्यानांत मीमांसेच्या अर्थनिर्णयाचे नियम हिंदू कायद्याच्या संदर्भात तपशिलाने मांडले. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवताना आपण 'गंगेवर गवळीवाडा' या दाखल्यावर थांबतो. अधिनियमातले एखादे कलम फळ्यावर लिहून त्यातली लक्षणा शोधायला सांगितली, तर विद्यार्थ्यांना हे शास्त्र जिवंत असल्याचे कळेल.

कायद्याची मराठी ही भाषांतराचीच मराठी असते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कोल्हापुरात बसून तो बाळगणे अवघड आहे. १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत या संस्थानाला स्वतःचे कायदे होते, स्वतःचे हायकोर्ट होते. २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या गॅझेटात शाहू महाराजांचा आदेश प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराज इंग्लंडात होते. त्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो आदेश. त्याची रचना साहित्याच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे. 'मागासलेले' कोण, याची यादी तो देत नाही; ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सगळे, अशी वगळण्यातून व्याख्या करतो. आणि आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे पत्रक खातेप्रमुखांकडून दर तिमाहीला मागवतो. व्याख्या, प्रमाण, मुदत आणि देखरेख या चारही गोष्टी काही वाक्यांत बसवणारे हे शासन याच शहराच्या दफ्तरातून निघाले. पुढे याच राजाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. ज्यांच्या तोंडच्या भाषेला कोर्टात किंमत नव्हती, त्यांना तिथे बोलण्याचा अधिकार दिला, असा त्याचा भाषिक अर्थही आहे.

त्याच परंपरेतला अलीकडचा मराठी गद्यकार म्हणून मला गोविंद पानसरे आठवतात. कोल्हापुरात वकिली करणाऱ्या या माणसाचे 'शिवाजी कोण होता?' (१९८८) हे छोटे पुस्तक आपण विचारांसाठी वाचतो. त्याची बांधणीही वकिलाची आहे: आधी मुद्दा, मग पुरावा, मग प्रतिपक्षाचे म्हणणे आणि त्याचे उत्तर, सारे बोलीच्या जवळच्या मराठीत. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. स्पष्ट मराठीत केलेला युक्तिवाद किती दूरवर पोचतो, आणि त्याची किंमत काय पडू शकते, हे यापेक्षा कठोरपणे सांगता येणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि आपण तो साजरा केला. त्या निर्णयामुळे 'जाच' या शब्दाचे भाषांतर सुधारणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निवडक निकालपत्रे मराठीसह काही भारतीय भाषांतून उपलब्ध करून देण्यास सुरुवात केली. त्या कामी 'सुवास' या संगणकीय प्रणालीची मदत घेतली जाते. यंत्राने केलेल्या मसुद्यावर शेवटची नजर माणसाचीच लागते, आणि ती नजर दोन्ही भाषांत आणि दोन्ही शास्त्रांत फिरलेली हवी. आपल्या विभागांत विद्यार्थी कमी होत आहेत, मराठी घेऊन पुढे काय, असे पालक विचारतात, ही तक्रार अधिवेशनातल्या प्रत्येक सत्रात ऐकू आली. एक उत्तर कसबा बावड्यात आणि भाऊसिंगजी रस्त्यावर होते.

मागणे मोठे नाही. 'श्यामा' आणि 'गांधी मला भेटला' या दोन प्रकरणांची निकालपत्रे मराठीच्या प्रत्येक विभागात असावीत आणि मूळ संहितेशेजारी ठेवून ती वाचली जावीत. ज्या गावात विधी महाविद्यालय आहे, तिथल्या मराठी विभागाने वर्षातून एकदा तरी त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर एक कविता आणि एक कलम वाचावे. भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेत कादंबरीच्या उताऱ्याबरोबर एखादी जबानी असावी, नावे वगळून. हे झाले नाही, तरी कोर्टाचे काही अडणार नाही. ते आजवर चालले तसे चालेल. अडेल ते त्या बाईचे, जिने 'जाच' म्हटले आणि जिचा शब्द वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत दुसराच झाला.